हिरव्या गाडीचे तीन आकार: फ्लिक्सट्रेन एचओ, एन आणि टीटी स्केलमध्ये बनवताना

युरोपातील खासगी कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे मॉडेल करायला घेतले की गाडीच्या नावाइतकीच तिची तारीखही ठरवावी लागते. सरकारी रेल्वेची एखादी एक्स्प्रेस वर्षानुवर्षे त्याच डब्यांनी आणि त्याच रंगात धावत असल्यामुळे तिचे मॉडेल पाचदहा वर्षांच्या फरकानेही खपून जाते. खासगी गाडीचे इंजिन मात्र बहुधा भाड्याचे असते, डबे दुसऱ्या कोणी वापरून सोडलेले असतात, गाडी प्रत्यक्ष चालवणारी कंपनी तिसरीच असते आणि डब्यावर रंगवलेले नाव चौथ्याचे असते. या चौघांपैकी एकाचा करार बदलला की गाडीचे रूप बदलते. त्यामुळे आपण जे बनवतो ते एका ठरावीक काळातल्या रेकचे, म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांच्या संचाचे, मॉडेल असते, आणि हे पक्के केल्याशिवाय पहिला डबा उघडण्यात अर्थ नसतो.

मी निवडलेली गाडी जर्मनीतील फ्लिक्सट्रेन. बससेवेमुळे ओळखल्या जाणाऱ्या फ्लिक्सने मार्च २०१८ मध्ये हॅम्बुर्ग ते कोलोन या मार्गावर ही गाडी सुरू केली आणि पुढच्याच महिन्यात ती स्टुटगार्ट ते बर्लिन मार्गावरही धावू लागली. दोन्ही मार्गांवर तिच्या आधी दुसऱ्या खासगी गाड्या येऊन गेल्या होत्या. हॅम्बुर्ग–कोलोनवर २०१२ ते २०१७ या काळात एचकेएक्स होती. स्टुटगार्ट–बर्लिनवर लोकवर्गणीतून भांडवलाचा काही भाग उभा करून डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेली नारिंगी रंगाची लोकोमोर होती, जिने पुढच्याच मे महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली. लोकोमोरचे मॉडेल करण्याचा मोह मला बराच काळ होता, कारण इतके अल्पायुषी आणि इतके देखणे काही क्वचितच रुळांवर येते. पण तिची पुरेशी छायाचित्रे, विशेषतः छताची आणि डब्यांच्या दुसऱ्या बाजूची, माझ्या हाती लागली नाहीत आणि अंदाजाने रंगवलेली गाडी मला नको होती.

फ्लिक्सट्रेनच्याही दोन गाड्या मानाव्या लागतात. मार्च २०२० पर्यंतची गाडी भाड्याने घेतलेल्या, बहुतांशी कंपार्टमेंटच्या आणि दिसायला पूर्णपणे एकसारख्या नसलेल्या डब्यांची होती. कोरोनाच्या साथीमुळे सेवा बंद पडली आणि जुलै २०२० मध्ये ती परत सुरू झाली तेव्हा आखेन येथील टाल्बोट सर्व्हिसेसने नूतनीकरण केलेले, एकसारख्या हिरव्या रंगाचे, सलग आसनांचे डबे तिला जोडले होते. मी ही दुसरी गाडी घेतली. त्यामागे एक व्यावहारिक कारण होते. हे डबे मूळचे जर्मन रेल्वेच्या इंटररेगिओ गाड्यांचे. इंटररेगिओ १९८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठीही नवे डबे बांधले नव्हते. जुन्या एक्स्प्रेसच्या २६.४ मीटर लांबीच्या डब्यांचे अंतरंग वायडेन येथील कारखान्यात पूर्ण बदलून ते निळ्या रंगात बाहेर काढले होते. म्हणजे आजचा हिरवा डबा हा त्याच सांगाड्याचा तिसरा जन्म आहे. इंटररेगिओच्या डब्यांची मॉडेले अनेक उत्पादकांनी भरपूर काढलेली असल्यामुळे वापरलेला निळा डबा घेऊन प्रत्यक्ष कारखान्याने केले तेच आपण टेबलावर करायचे, असा सरळ मार्ग खुला झाला.

सुरुवात एचओपासून केली. एचओ, एन आणि टीटी ही मॉडेल रेल्वेच्या ठरलेल्या प्रमाणांची, म्हणजे स्केलची, नावे. एचओचे प्रमाण १:८७ आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर. या स्केलमध्ये २६.४ मीटरचा डबा ३०३ मिलिमीटरचा व्हायला हवा, पण बाजारातले सगळे डबे तसे नसतात. घरगुती मांडणीतल्या तीव्र वळणांसाठी उत्पादकांनी डब्यांची लांबी आखडती घेतलेली असते: लांबीपुरते १:१०० धरले तर डबा २६४ मिलिमीटरचा होतो, १:९३.५ धरले तर २८२ मिलिमीटरचा. एकेकटा पाहिला तर २८२ चा डबा वाईट दिसत नाही. तो ३०३ च्या डब्याशेजारी उभा केला, की खिडक्यांमधली जागा आवळलेली दिसते आणि एकदा दिसली की मग तीच दिसत राहते. म्हणून संपूर्ण रेक एकाच लांबीच्या डब्यांचा करायचा, हा नियम मी पहिल्याच दिवशी घालून घेतला आणि पूर्ण लांबीचेच डबे जमवले.

डबा उघडून काचा, आसने आणि चाकांच्या चौकटी वेगळ्या केल्यावर निळा रंग उतरवायचा होता. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवून मऊ ब्रशने घासले की बहुतेक छपाई आणि बराचसा रंग निघतो. आधी डब्याच्या आतल्या बाजूला थेंब टाकून प्लॅस्टिकवर काही परिणाम होत नाही ना, हे पाहावे. रंग संपूर्ण उतरलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. छापील पट्ट्यांच्या कडा बोटाला लागेनाशा झाल्या म्हणजे पुरे. खरी अडचण हिरव्या रंगाची आहे. फ्लिक्सचा हिरवा पिवळसर, झगझगीत आणि स्वभावाने अर्धपारदर्शक आहे. खाली निळे किंवा करडे काहीही असले तर तो मळकट दिसतो आणि तो मळ झाकण्यासाठी थर वाढवत गेले की खिडक्यांच्या कडा आणि दरवाज्यांच्या रेषा बुजतात. पांढऱ्या प्रायमरचा एकसंध थर आणि त्यावर एअरब्रशने दिलेले हिरव्याचे अनेक विरळ हात, एवढाच खात्रीचा उपाय आहे. थराची जाडी किती महत्त्वाची, हे एका हिशेबात कळते: ०.०५ मिलिमीटरचा रंग एचओमध्ये मूळ डब्यावर सव्वाचार मिलिमीटरहून जाड लेप दिल्यासारखा होतो आणि एनमध्ये तोच आठ मिलिमीटरचा ठरतो.

पांढरी अक्षरे हा दुसरा कूटप्रश्न. साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. तो कागदाचा पांढरेपणा वापरतो. पारदर्शक डिकलवर (मॉडेलवर चिकटवायच्या पातळ छापील पापुद्र्यावर) त्यामुळे पांढरे अक्षर उमटतच नाही, आणि पांढऱ्या डिकलवर अक्षराभोवती हिरवा छापला तर तो हिरवा आपल्या रंगाशी जुळत नाही. मोठ्या नावासाठी मी उलट मार्ग धरला. प्रायमरचा पांढरा तसाच ठेवून त्यावर व्हिनाइलमध्ये कापलेली अक्षरे चिकटवली, वरून हिरवा मारला आणि रंग पूर्ण वाळण्याआधी अक्षरे उचलली. कडा स्वच्छ येतात आणि डिकलची चमकणारी झालरही राहत नाही. बारीक मजकुरासाठी मात्र पांढऱ्या टोनरच्या प्रिंटरवर डिकल छापून घेण्याला पर्याय नव्हता. डिकल बसवण्याआधी चकचकीत वार्निश, मग डिकल मऊ करणारे द्रावण, आणि शेवटी अर्धमॅट वार्निश, हा क्रम चुकवला तर डिकलखाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात.

बारीक मजकुरातच खासगी गाडीची खरी ओळख दडलेली असते. युरोपातील प्रत्येक डब्यावर बारा अंकी क्रमांक असतो, त्यात देशाचा संकेतांक असतो (जर्मनीचा ८०), आणि त्यानंतर देशाचे अक्षर व डबा ज्याच्या नावे नोंदलेला आहे त्याचे संक्षिप्त नाव येते. बाजूला मोठ्या अक्षरात एक नाव आणि खाली कोपऱ्यात दुसरेच, हा विरोधाभास मॉडेलवर दिसला पाहिजे, असे मला वाटते. नाहीतर आपण फक्त जाहिरात रंगवली असे होते. ज्या डब्यांचे क्रमांक छायाचित्रांत वाचता येत नव्हते तेथे मी त्याच मालिकेतले क्रमांक पुढे चालवले, पण बारावा अंक हिशेबाने काढला. डावीकडून अकरा अंकांना आळीपाळीने दोन आणि एकने गुणायचे, गुणाकारांतले सगळे सुटे अंक मिळवायचे, आणि ती बेरीज पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जितके कमी पडते तो तपासणीचा अंक. पाहुण्यांपैकी कोणी हे कधी तपासणार नाही हे मला ठाऊक आहे, तरीही चुकीचा अंक लिहायला हात धजत नाही.

आतल्या बाजूला इंटररेगिओच्या मॉडेलातल्या अर्धवट कंपार्टमेंटच्या भिंती कापून काढल्या आणि आसनांच्या ओळी नव्याने बसवल्या. खिडक्या मोठ्या असल्यामुळे हे काम टाळता येत नाही, विशेषतः डब्यात दिवे लावायचे असतील तर. दिव्यांबाबत एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. प्रत्येक डब्याच्या चाकांवर वीज घेणाऱ्या पत्र्या बसवल्या की प्रत्येक डबा थोडासा ब्रेक लावल्यासारखा ओढू लागतो. एका डब्यात ते जाणवत नाही, दहा डब्यांत इंजिनाची चाके चढावर जागच्या जागी फिरू लागतात. मी वीज एकाच डब्यातून घेतली आणि विद्युतवाहक कपलिंगमधून पुढे दिली. छोटा कपॅसिटर लावला की दिवे लुकलुकत नाहीत.

इंजिन म्हणून सीमेन्स कंपनीचे व्हेक्ट्रॉन हे विजेचे इंजिन घेतले. मूळ इंजिन १८.९८ मीटर लांब, ६,४०० किलोवॉट शक्तीचे. एचओमध्ये २१८ मिलिमीटर. व्हेक्ट्रॉनची मॉडेले इतकी आहेत की निवड सोपी वाटते, पण छत पाहिले पाहिजे. केवळ एसी, म्हणजे प्रत्यावर्ती, विजेवर चालणाऱ्या प्रकाराच्या छतावर साधारणतः दोन पॅंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारे सांगाडे) असतात आणि अनेक विद्युतप्रणालींवर चालणाऱ्या प्रकारावर चार. बाजूचा रंग कितीही अचूक असला तरी चुकीच्या छताचे इंजिन वेगळेच इंजिन असते. शिवाय फ्लिक्सट्रेनच्या पुढे प्रत्येक वेळी हिरवेच इंजिन असते असे नाही. भाडेपट्टीवर इंजिने देणाऱ्या कंपनीच्या मूळ रंगातले इंजिनही हिरव्या डब्यांपुढे लागते. माझ्या रेकपुढे मी मुद्दाम तसेच लावले. हिरव्याला हिरवे जुळवलेली गाडी खेळण्याच्या पेटीतून आल्यासारखी दिसते, आणि न जुळणारे इंजिन या व्यवसायाचे स्वरूप एका दृष्टिक्षेपात सांगते.

रेक तयार झाल्यावर लांबीचा प्रश्न समोर उभा ठाकला. इंजिन आणि दहा डबे मिळून प्रत्यक्षात सुमारे २८३ मीटर, एचओमध्ये ३.२५ मीटर. एवढी गाडी पूर्ण मावेल असा फलाट, त्याच्या दोन्ही टोकांना रूळ बदलण्याचे सांधे, आणि पुढे गाडी फलाटातून पूर्ण बाहेर पडलेली दिसावी इतका सरळ मार्ग, हे सगळे धरले तर साध्या खोलीची भिंत संपते. वळणांचे गणित तर आणखी कठोर आहे. अशा डब्याच्या चाकांच्या दोन चौकटींच्या मध्यांमधील अंतर १९ मीटर, म्हणजे एचओमध्ये २१८ मिलिमीटर. त्रिज्या ३६० मिलिमीटरची असेल तर डब्याचा मध्य रुळांच्या मध्यरेषेपासून जवळजवळ सतरा मिलिमीटर आत सरकतो, आणि हे मूळ मापात जवळजवळ दीड मीटर होते. प्रवासी फलाटावर असते तर त्यांना मागे पळावे लागले असते. त्रिज्या ६०० केली की हे सरकणे सुमारे दहा मिलिमीटरवर येते आणि डोळ्यांना बोचत नाही, पण मग अर्ध्या वर्तुळालाच सव्वा मीटर रुंदी लागते. डबे कमी करून सहावर आणण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. सहा डब्यांची स्थानिक गाडी चालते. लांब पल्ल्याची गाडी सहा डब्यांत अंग चोरून उभी राहिल्यासारखी वाटते.

म्हणून तीच गाडी एन स्केलमध्ये परत केली. प्रमाण १:१६०, रुळांमधील अंतर ९ मिलिमीटर, डबा १६५ मिलिमीटरचा आणि इंजिन ११९ मिलिमीटरचे. संपूर्ण गाडी १.७७ मीटरची झाली आणि टेबलाच्या लांब बाजूवर पुढेमागे मोकळी जागा ठेवून मावली. कामाचा क्रम तोच होता, पण प्रत्येक टप्प्याचे वजन बदलले. रंग अधिक विरळ करावा लागला. हिरव्यात थोडा पांढरा मिसळावा लागला, कारण लहान आकारात गडद रंग अधिकच गडद भासतो आणि एचओमध्ये योग्य वाटणारा हिरवा येथे फार भडक दिसत होता. बारीक मजकुराबाबत तडजोड अटळ होती: मूळ अक्षरे आठ सेंटिमीटर उंच धरली तर एचओमध्ये ती ०.९ मिलिमीटरची होतात आणि भिंगाशिवाय कशीबशी वाचता येतात; एनमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरची होतात आणि डिकलवर त्यांची पांढरी रेघ तेवढी उरते. मी ती रेघ योग्य जागी आणि योग्य लांबीची ठेवली व क्रमांकाच्या तपासणी अंकाचा नाद सोडला. आतली आसने फक्त रंगवली. मोठ्या नावासाठी व्हिनाइलची युक्ती एनमध्येही चालली, पण अक्षरे उचलताना सुईचे टोक आणि स्थिर हात दोन्ही लागले.

या सगळ्या तडजोडींनंतर एनमधली गाडी वळणावरून जाताना पाहिली, तेव्हा ती एचओमधल्या गाडीपेक्षा अधिक खरी वाटली हे मान्य करावे लागते. दहा एकसारखे हिरवे डबे एका ओळीत वळतात, पुढे वेगळ्या रंगाचे इंजिन दिसते आणि शेवटचा डबा अजून सरळ मार्गावरच असतो. या गाडीचे वैशिष्ट्य तिच्या सलगपणात आहे आणि तो लांबीतूनच दिसतो. एचओमधली गाडी आता मी बहुतेक वेळा फलाटाच्या एका तुकड्यावर तीनचार डब्यांसह उभी ठेवतो, जेथे कोपऱ्यातली नोंदणीची अक्षरे वाचता येतात आणि खिडकीतून आसनांच्या ओळी दिसतात. कोणती स्केल श्रेष्ठ, या वादात मला रस उरलेला नाही. एक गाडी जवळून पाहण्याची आहे आणि दुसरी लांबून, आणि दोन्ही कामे एकाच मॉडेलकडून करून घेण्याचा हट्ट खर्चीक आहे.

टीटीमध्ये मी संपूर्ण रेक केला नाही, एकच डबा करून पाहिला. १:१२० प्रमाणात तो २२० मिलिमीटरचा होतो आणि दहा डब्यांची गाडी इंजिनासह २.३६ मीटरची झाली असती. १२ मिलिमीटर रुळांची ही स्केल पूर्व जर्मनीत रुजली आणि आजही तेथे व चेक प्रजासत्ताकात तिचा मोठा चाहतावर्ग आहे. जर्मनीच्या साक्सनी राज्यातील झेबनित्स येथील टिलिग ही मॉडेल बनवणारी कंपनी हे तिचे प्रमुख नाव. डब्यावरची अक्षरे टीटीत ०.६७ मिलिमीटरची होतात, म्हणजे चांगल्या छपाईत ती अक्षरे म्हणून ओळखू येतात. मनापासून सांगायचे तर आज नव्याने सुरुवात केली असती तर मी टीटीच निवडली असती. झेड स्केलचा विचार केवळ हिशेबापुरता केला: १:२२० मध्ये ही गाडी १.२९ मीटरची होते आणि पुस्तकांच्या फळीवर मावते, पण साडेसहा मिलिमीटरच्या रुळांवर स्वतः रंगवलेले दहा डबे विनातक्रार चालवण्याइतका संयम माझ्याकडे नाही. दुसऱ्या टोकाला, १:३२ मध्ये गाडी पावणेनऊ मीटरहून लांब होते. ते काम बाग असलेल्यांचे.

दरम्यान मूळ गाडीही बदलायला निघाली आहे. मे २०२५ मध्ये फ्लिक्सने स्पेनच्या टॅल्गोकडून ६५ पर्यंत नव्या गाड्या घेण्याचे जाहीर केले. टॅल्गोचे डबे नेहमीच्या डब्याच्या साधारण निम्म्या लांबीचे असतात आणि दोन डब्यांच्या मध्ये चाकांची एकच जोडी असते. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने याचे दोन अर्थ होतात. आखूड डबे तीव्र वळणावर फारसे आत सरकत नाहीत, म्हणजे एचओमधली माझी मुख्य तक्रार मिटेल. पण जुन्या मॉडेलचा सांगाडा घेऊन रंग बदलण्याची सोय मात्र संपेल, आणि उत्पादकाने काढलेल्या संचाची वाट पाहावी लागेल.

त्याआधी मला युरोपियन स्लीपर करायची आहे. मे २०२३ मध्ये ब्रसेल्स ते बर्लिन सुरू झालेली आणि पुढच्या मार्चमध्ये प्रागपर्यंत वाढवलेली ही रात्रीची गाडी भाड्याने मिळालेल्या डब्यांची आहे. झोपण्याचे, कुशेतचे (एकावर एक साध्या बर्थचे) आणि बसण्याचे डबे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले असल्यामुळे रेक एकसारखा नसतो. येथे सलगपणा हा मुद्दाच नाही, प्रत्येक डब्याचे स्वतंत्र रूप आणि त्याच्या कोपऱ्यातली नोंद हेच पाहण्यासारखे आहे. म्हणून ती टीटीत करायची असे ठरवले आहे. सध्या एका विशिष्ट दिवशीच्या गाडीची दोन्ही बाजूंची छायाचित्रे गोळा करण्याचे काम चालू आहे, आणि चौथ्या डब्याची पलीकडची बाजू अजून मिळायची आहे.